उपवासाच्या काळात मेदाचे वाहक

चातुर्मास लागला की जालना शहरातील जैन घरांचा दिनक्रम बदलतो. सकाळचे प्रवचन, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, स्वयंपाकघरात उकळून गार करायला ठेवलेले पाणी, आणि कोणी कोणते तप धरले आहे याची घरोघरी होणारी विचारपूस. कोणाचे एकासन चालू असते, कोणाचे आयंबिल, कोणाचा तेला, कोणाची अठाई. एखाद्या घरी मासखमणाचा संकल्प असतो. श्वेतांबर परिवारांत पर्युषणाचे आठ दिवस आणि दिगंबर परिवारांत दशलक्षणाचे दहा दिवस हा या तपाचा परमोच्च काळ. गुरु गणेश तपोधामामुळे जालन्याच्या नावाशीच 'तप' हा शब्द जोडला गेला आहे.

या दिवसांत एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे असते. पाच-सहा दिवस अन्नाचा कण न घेतलेली गृहिणी चालत प्रवचनाला येते. अठाई करणारा व्यापारी सहाव्या दिवशीही मोंढ्यातील गादीवर बसून खात्यात नजर घालतो. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, ही शक्ती येते कोठून? श्रद्धा आणि संकल्प यांचे बळ तर आहेच. परंतु हृदयाचा प्रत्येक ठोका आणि प्रत्येक पाऊल यांसाठी देहाला इंधन लागते. 'अंगावरची चरबी वापरली जाते' असे उत्तर सहज दिले जाते. ते खरे आहे, पण अर्धे आहे. चरबी पाण्यात विरघळत नाही आणि देहाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. मग पोटावरची चरबी हृदयापर्यंत आणि यकृतापर्यंत नेतो कोण?

याच प्रश्नाशी एक घरगुती चिंताही जोडलेली आहे. घरातील ज्येष्ठांना मधुमेह असतो, रोज गोळ्या चालू असतात, आणि पर्युषण जवळ आले की ते म्हणतात, 'यंदा अठाई करायचीच.' त्यांना अडवावे तर अंतराय घडेल अशी भीती, आणि न अडवावे तर प्रकृतीची काळजी. या पेचातून वाट काढायची तर उपवासात देहात काय घडते, हे समजून घ्यावे लागते.

तेलाच्या व्यापारातील ओळखीचा शब्द

ज्या घरांत तेलाचा किंवा तेलबियांचा व्यापार आहे, त्यांना 'एफएफए' हा शब्द नवा नाही. सरकीचे वा सोयाबीनचे कच्चे तेल आले की त्यातील मुक्त मेदाम्लांचे, म्हणजेच 'फ्री फॅटी ॲसिड'चे, प्रमाण तपासले जाते. ते अधिक निघाले की भाव उतरतो. कारण रिफायनरीत कॉस्टिक सोडा घालून ती आम्ले काढताना घट येते आणि तळाशी साबणाचा गाळ बसतो.

तेल काय किंवा तूप काय, त्याची मूळ घडण एकच. ग्लिसरॉलच्या एका लहान रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्या बहुधा सोळा किंवा अठरा कार्बनच्या असतात. सरकीच्या तेलात सुमारे पाव भाग पामिटिक आणि निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते. मराठवाड्याच्या रब्बीत एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लच सुमारे तीन चतुर्थांश असते. जोवर या साखळ्या ग्लिसरॉलला बांधलेल्या आहेत, तोवर तेल सुरक्षित टिकते. बियाणे भिजले, साठवण बिघडली, की साखळ्या सुटतात आणि तेल खवट होऊ लागते.

मनुष्यदेहातही चरबी याच रूपात, तीन साखळ्या बांधलेल्या स्थितीत, मेदपेशींमध्ये साठवलेली असते. परंतु ती इंधन म्हणून वापरायची तर साखळ्या सोडवाव्याच लागतात. येथेच अडचण उभी राहते. सुट्या मेदाम्लाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि उरलेली लांब शेपटी पाण्यापासून पळते. साबणाचा गुणधर्म नेमका हाच आहे. साबण जसा भांड्यावरचा ओशटपणा फोडतो, तसे मोकाट सुटलेले मेदाम्ल पेशींची आवरणे फोडू शकते; कारण ती आवरणेही मेदाचीच बनलेली असतात. म्हणून देह मेदाम्लाला एकटे सोडत नाही. साठ्यातून सुटल्यापासून जळून जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याला कोणी ना कोणी धरून ठेवलेले असते.

रक्तातून पेशीपर्यंत

पहिला टप्पा रक्ताचा. मेदपेशीतून बाहेर पडलेले मेदाम्ल रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते. अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि रक्तद्रवातील प्रथिनांत त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते. त्याच्या पृष्ठभागावर मेदाम्लांना बसण्यासाठी अनेक खाचा असतात. साठ्याच्या वखारीतून माल उचलून बाजारपेठेपर्यंत आणणाऱ्या मालट्रकसारखे हे काम आहे. पण ट्रक गल्लीत शिरत नाही, आणि अल्ब्युमिनही पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या दाराशी मेदाम्ल उतरवले जाते आणि आवरण ओलांडून ते आत येते.

आत आल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. पेशीचे अंतरंगही पाणीदार असते. ज्या तंतुकणिकांमध्ये इंधन जळते, त्या दारापासून दूर असतात. येथून पुढे माल हमालाच्या पाठीवरूनच जातो. हे हमाल म्हणजे 'मेदाम्लबंधक प्रथिने'.

या प्रथिनांचा शोध १९७२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रॉबर्ट ऑकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतडे, यकृत आणि हृदयस्नायू यांच्या पेशीद्रवात मेदाम्लांना धरून ठेवणारे एक लहान प्रथिन असल्याचे 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. पुढील दोन दशकांत त्याची रचना उलगडली. सुमारे १३० अमिनो आम्लांचे हे प्रथिन अल्ब्युमिनच्या जवळपास पाचव्या हिश्शाचे असते. त्याच्या दहा पट्ट्या एकमेकींना लागून एका पिंपाचा आकार घेतात. पिंपाच्या तोंडावर दोन लहान वेटोळ्यांचे झाकण असते. मेदाम्ल या पिंपात शिरते, त्याची पाण्याला भिणारी शेपटी आत झाकली जाते, आणि बाहेरून पाहिले तर पाण्यात सहज वावरणारे प्रथिन तेवढे उरते. पेशीच्या आत जेथे गरज असेल तेथे ते मेदाम्ल सोपवते आणि रिकामे होऊन पुन्हा परतते.

हे हमाल प्रत्येक अवयवाचे वेगळे असतात. यकृताचे वेगळे, आतड्याचे वेगळे, हृदय व स्नायूंचे वेगळे, मेदपेशींचे वेगळे आणि मेंदूचेही वेगळे. बहुतेक प्रकारांत एका वेळी एकच मेदाम्ल मावते. यकृतातील प्रथिन मात्र दोन मेदाम्ले एकत्र उचलते. यकृताच्या पेशीद्रवात ते इतके विपुल असते की तेथील प्रथिनांचा दोन ते पाच टक्के भाग त्याचाच असतो. ते निरोप पोहोचवण्याचेही काम करते. मेदाम्ल घेऊन ते पेशीच्या केंद्रकाकडे जाते, तेथील नियंत्रक प्रथिनाच्या स्वाधीन करते, आणि मग मेद जाळण्यासाठी लागणारी यंत्रणा वाढवण्याचा हुकूम सुटतो. माल वाढला आहे, माणसे वाढवा, असा निरोप मोंढ्यातून मुनीमजींकडे जावा तसेच हे घडते.

हृदयातील प्रकाराचे महत्त्व उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९९९ साली ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन तयारच होऊ दिले नव्हते, त्यांचे हृदय मेदाम्ल पुरेसे उचलू शकत नव्हते. साखरेवर भागवावे लागे आणि थोड्या श्रमाने ते उंदीर थकून जात. निरोगी हृदय आपल्या गरजेचा मोठा हिस्सा मेदाम्लांतूनच भागवते, हे लक्षात घेतले की या थकव्याचा अर्थ कळतो. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूंच्या पेशी फुटल्या की हे लहान प्रथिन पहिल्या काही तासांतच रक्तात उतरते. त्यामुळे निदानासाठीही त्याचा अभ्यास झाला आहे.

आठ दिवसांचा जमाखर्च

आता उपवासाकडे वळू. शेवटचे भोजन झाल्यावर पहिले काही तास देह जेवणातील शर्करेवर चालतो. त्यानंतर यकृतातील साठ्याची पाळी येते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि साधारण एका दिवसात संपत येतो. याच काळात रक्तातील इन्सुलिन उतरते. इन्सुलिन म्हणजे मेदाच्या वखारीचे कुलूप; ते सैल झाले की साखळ्या सुटू लागतात. मेदपेशीतील बंधक प्रथिन सुटलेली मेदाम्ले उचलून पेशीच्या कडेपर्यंत आणते आणि ती रक्तात जातात. दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर रक्तातील मेदाम्लांचे प्रमाण नेहमीच्या दोन ते तीन पट होते.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास यकृतावरचा भार फार वाढतो. येणाऱ्या मेदाम्लांपासून यकृत केटोन बनवते. केटोन पाण्यात विरघळतात. त्यांना हमाल लागत नाही. मेंदू मेदाम्लांवर चालू शकत नाही, पण केटोनवर चालतो. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज केहिल यांच्या गटाने रुग्णालयात देखरेखीखाली पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला. एवढ्या दीर्घ उपवासात मेंदूच्या इंधनाचा मोठा वाटा केटोन उचलतात, असे त्यातून दिसले. अठाईतील तपस्वींना पहिले दोन-तीन दिवस कठीण जातात आणि पुढे तुलनेने हलके वाटू लागते, असा अनुभव अनेकजण सांगतात. देहाने शर्करेकडून मेदाकडे केलेला हा बदल त्याच्याशी जुळणारा आहे.

या बदलात यकृतातील बंधक प्रथिनाचा हात किती, तेही प्रयोगांत तपासले गेले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना उपाशी ठेवले असता त्यांच्या यकृतात मेद जाळण्याचा वेग मंदावलेला आढळला. साठा होता, मागणी होती, उचलणारा नव्हता.

व्यापारी मनाला येथे एक हिशेब सुचतो. एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर धान्यातील पिष्टातून ४. दहा किलो मेद म्हणजे ९०,००० किलोकॅलरी. दिवसाला १,८०० खर्च धरला तर पन्नास दिवसांचे इंधन अंगावरच आहे. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. परंतु देहाचा जमाखर्च एकाच खात्यावर चालत नाही. मेदासोबत स्नायूंतील प्रथिनेही काही प्रमाणात खर्ची पडतात. सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट आणि जीवनसत्त्वांचे साठे उतरत जातात आणि मेदातून त्यांची भरपाई होत नाही. मेदाचा साठा भरपूर असूनही अन्य खाती रिकामी होऊ शकतात.

साठा अधिक, उठाव कमी

उपवासाच्या दिवसांत जो साठा उपयोगी पडतो, तोच वर्षाच्या उरलेल्या काळात भार ठरतो. महाराष्ट्रात या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम पुण्यात झाले. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले. परंतु बालके लहान असूनही त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने कमी झाला नव्हता. कमी पडले होते ते स्नायू. डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे उदाहरणही जगापुढे ठेवले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले गेले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही सारखे, २२. पण देहातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के.

वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही मेद अधिक असू शकतो, हे त्यातून दिसून आले. सकाळी दुकान उघडून रात्रीपर्यंत गादीवर किंवा संगणकापुढे बसणाऱ्या घरांसाठी हा मुद्दा दूरचा नाही. मद्याला कधी स्पर्श न केलेल्या शाकाहारी माणसाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघाले की घरच्यांना नवल वाटते. खाण्यातला मेद तेवढाच याला कारण नसतो. साखर, मैदा, फरसाण आणि बैठे काम यांमुळे यकृतात स्वतःहून मेद तयार होतो. शिवाय कुलूप नीट न लागणाऱ्या मेदपेशींतून मेदाम्ले सतत गळत राहतात आणि यकृत ती साठवत जाते.

मेदपेशीतील बंधक प्रथिनाचा संबंध येथे पुन्हा येतो. १९९६ साली गोखान होतामिश्लिगिल आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन नसलेल्या उंदरांना भरपूर मेदयुक्त आहार दिला. उंदीर लठ्ठ झाले, पण लठ्ठपणासोबत येणारा इन्सुलिनचा बिघाड त्यांच्यात तेवढा झाला नाही. तेव्हापासून हे प्रथिन मधुमेह व हृदयविकाराच्या संशोधनाचा विषय बनले आहे. उंदरांवरील निष्कर्ष म्हणजे माणसासाठीचे औषध नव्हे. आज हाती असलेला उपाय जुनाच आहे: मिताहार आणि चालणे. काम करणारा स्नायू मेदाम्ले उचलतो आणि जाळतो. या दृष्टीने पाहता एकासन, ऊणोदरी, विगयत्याग आणि रात्रीभोजनाचा त्याग ही बाह्य तपे आत्मशुद्धीसाठी सांगितलेली असली, तरी वर्षभर पाळल्यास त्यांचा देहालाही लाभ होऊ शकतो. मात्र दिवसभर उपवास आणि नंतर साबुदाणा, मिठाई व तळणाची रेलचेल हा व्यवहार या हिशेबात बसत नाही.

संकल्पापूर्वीचा सल्ला

निरोगी प्रौढ देह काही दिवसांचा उपवास बहुधा पेलतो. परंतु मधुमेहात वखारीचे कुलूपच बिघडलेले असते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने अन्न बंद करून औषध तसेच चालू ठेवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उलट, ज्याला इन्सुलिनची नितांत गरज आहे त्याने ते मनाने बंद केले, तर मेदाम्ले बेसुमार सुटतात, यकृत केटोन बनवत राहते आणि रक्त आम्लधर्मी होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका अधिक फसवा आहे. त्या चालू असताना उपवास केल्यास साखर जवळजवळ ठीक दिसत असूनही ही आम्लता उद्भवू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी जाणवली तर साखरेचा आकडा पाहून निश्चिंत न राहता रुग्णालय गाठावे आणि केटोनची तपासणी करून घ्यावी. चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य असल्याने मूत्रपिंडाच्या व रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष सावध असावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनी, तसेच नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घ उपवास धरू नये.

पारण्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम गोड व पिष्टमय अन्न पोटात गेले की इन्सुलिन झपाट्याने वाढते, देह मेदाकडून पुन्हा शर्करेकडे वळतो, आणि त्या घाईत रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. रक्तातील त्यांची पातळी कोसळली तर हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीतून सुटका झालेल्या बंद्यांना पोटभर अन्न दिल्यावर त्यांपैकी काहींचे प्राण गेले, तेव्हा वैद्यकशास्त्राला हा धोका उमगला. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शिका सांगते की पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या व्यक्तीला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक आहार देऊ नये. दहा दिवसांच्या पुढे तर देखरेखच हवी. मुगाच्या पाण्याने पारणे करून हळूहळू आहार वाढवण्याची घराघरांतील जुनी रीत या सूचनेशी मिळतीजुळती आहे. पारण्याच्या सोहळ्यात आप्तेष्टांनी आग्रहाने भरवलेले मिठाईचे घास मात्र तिच्याशी जुळत नाहीत. वंदन करावे, अनुमोदना करावी, भेट द्यावी. घास आठ दिवस थांबू शकतो.

तपाला आपल्या परंपरेने नेहमीच 'यथाशक्ती' ही मर्यादा घातली आहे. शक्ती किती, हे ठरवताना वय आणि वजन एवढेच पाहून चालत नाही. मेद सोडणारी, वाहणारी आणि जाळणारी यंत्रणा किती धड आहे, हेही पाहावे लागते आणि ते बाहेरून दिसत नाही. घरातील मधुमेही ज्येष्ठांनी अठाईचा विचार बोलून दाखवला, तर त्यांना अडवण्याचे किंवा गप्प बसण्याचे कारण नाही. पर्युषणाच्या तीन-चार आठवडे आधी त्यांना औषधांच्या चिठ्ठ्यांसह डॉक्टरांकडे न्यावे. साखर, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या कराव्यात. कोणती गोळी कधी थांबवायची हे लिहून घ्यावे. डॉक्टरांनी अठाईला नकार दिला, तर आयंबिल किंवा एकासन झेपेल का, हे त्यांनाच विचारावे. मौन, स्वाध्याय आणि सामायिक यांना तर कोणत्याही चिठ्ठीची गरज नाही. हा विचार महाराजसाहेबांपुढे आधीच मांडला तर संकल्पही तेवढाच घेता येतो. पच्चक्खाण घेतल्यानंतर पाचव्या दिवशी रात्री दवाखान्याची वाट धरण्यापेक्षा पच्चक्खाणापूर्वी एक सकाळ दवाखान्यात घालवणे त्या ज्येष्ठांच्याही हिताचे आहे आणि त्यांच्या तपाच्याही.